वकीलपत्रावर सही करण्याआधी

शेतकरी बंधूंनो, बैल घेताना आपण दात बघतो. वकील करताना मात्र नुसती पाटी! १९६१च्या अधिवक्ता कायद्याने वकिलाला पदवी आणि बार कौन्सिलची सनद लागते. २०१०पासून अखिल भारतीय परीक्षाही आली. पण ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारीची सक्ती नाही. एक वर्षाच्या प्रशिक्षणाचा नियम सुप्रीम कोर्टाने १९९९ साली रद्द केला. म्हणून बिचकू नका, सरळ विचारा, "वकीलसाहेब, कोणाच्या हाताखाली शिकलात? जमिनीची कामं किती चालवलीत?" फेरफार तहसीलला होतो, मालकी मात्र दिवाणी कोर्टात ठरते. दोन्हीकडची वाट माहीत असलेला वकील हवा. मग त्याचं ऑफिस एका खोलीचं का असेना. सरपंच, पोलीस पाटलांनीही नाव सुचवताना एवढी चौकशी करावी. चुकीच्या वकिलापायी जमीन जाते ती आपली.