पाडण्यापूर्वी एक नोंद

विले पार्ल्याच्या पूर्व भागातून आज सहज फेरी मारली, तरी पत्र्यांच्या कुंपणामागे गेलेली एखादी इमारत हटकून दिसते. रहिवासी भाड्याच्या घरांत पांगलेले असतात, खिडक्यांच्या चौकटी आधीच भंगारवाल्याने काढून नेलेल्या असतात, आणि फाटकाच्या खांबावरील 'मातृछाया' किंवा 'श्रमसाफल्य' ही अक्षरे तेवढी आणखी चार दिवस तग धरून राहतात. 'पुनर्विकास' हा शब्द एका पिढीपूर्वी बव्हंशी सरकारी कागदपत्रांतच भेटत असे. आता तो घरोघरच्या जेवणाच्या पंगतीत येऊन बसला आहे. या पुनर्विकासाविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्याचा आमचा हेतू नाही. जे पाडले जात आहे त्याची साधी नोंदही आपण ठेवीत नाही, ही आमची तक्रार आहे.

पार्ले हे काही प्राचीन नगर नव्हे. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाट वस्तीतील माणसांना मोकळ्या हवेची किंमत पटवून दिली, आणि रेल्वेच्या कडेची उपनगरे हळूहळू वसू लागली. तथापि पार्ल्याच्या वाढीचे वैशिष्ट्य असे की, येथे घरांबरोबरच संस्थाही उभ्या राहिल्या. लोकमान्यांच्या निधनाला वर्षही पुरे होण्यापूर्वी, १९२१ साली, त्यांच्या नावाची शाळा येथे सुरू झाली. १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि कचेरीत जाणाऱ्या माणसाला पार्ले खऱ्या अर्थाने जवळ आले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली येथेच सत्याग्रहींची छावणी पडली होती. १९२९ साली स्थापन झालेला आणि पुढे बिस्किटांसाठी देशभर प्रसिद्ध झालेला कारखाना २०१६ मध्ये बंद पडला. त्या भट्टीचा गोड वास ज्यांच्या लहानपणात मिसळला आहे, त्यांना पूर्वेकडील स्टेशनाबाहेर अजूनही काहीतरी चुकल्यासारखे वाटत असेल.

या गावातील एखाद्या भूखंडाची हकीकत पाहावी. आरंभी तेथे मंगलोरी कौलांचा, पुढे पडवी आणि मागे विहीर असलेला बंगला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई पराकोटीला गेली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली, त्यामुळे भाड्याने देण्यासाठी घर बांधण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. मग मध्यमवर्गाने सहकाराची वाट धरली. ती वाट १९१५ साली गावदेवीच्या सारस्वत गृहनिर्माण संस्थेने दाखवून दिलेली होतीच. १९५० साली मुंबई महानगरपालिकेची हद्द पार्ल्याला सामावून पुढे सरकली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बंगला जाऊन तेथे तीन मजल्यांची, उद्वाहनाशिवायची सहकारी इमारत आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे ज्याला आपण सारे 'टीडीआर' म्हणतो त्याची, सोय केली. दक्षिणेकडील मूळ शहरात निर्माण झालेले हक्कही तेथे न वापरता उपनगरांतच वापरावयाचे होते. त्यामुळे उपनगरांतील मूळ एक असलेला चटईक्षेत्र निर्देशांक जवळजवळ दुप्पट करता येऊ लागला. शहराचे ओझे असे उत्तरेकडे सरकले. विमानतळाच्या सान्निध्यामुळे उंचीवर मर्यादा आहेत म्हणून बरे, नाहीतर पार्ल्याचे आकाश केव्हाच दिसेनासे झाले असते.

तात्पर्य, आज जिच्याकडे पाहून आपण हळहळतो ती 'जुनी इमारत' स्वतःच कोणाच्या तरी बंगल्याच्या जागी उभी आहे. आता येत आहे ते त्या भूखंडावरील तिसरे घर. घरे बदलली, मालक बदलले, पाटीवरील नाव बदलले. मालमत्ता पत्रकावरील सिटी सर्व्हे क्रमांक तेवढा टिकून आहे.

यावर कोणी म्हणेल की, मग जुने जपण्याचा कायदा का करू नये? तसा नियम आपल्याकडे आहे. १९९५ साली मुंबईने वारसा वास्तूंची नियमावली केली आणि त्या बाबतीत देशात पुढाकार घेतला. परंतु तिची दृष्टी मुख्यत्वे दक्षिण मुंबईच्या भव्य वास्तूंवर खिळलेली होती. २०१२ साली सुधारित यादीत शिवाजी पार्कचा परिसर घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तेथील रहिवाशांनीच त्याला कडाडून विरोध केला. त्यांना दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या गृहस्थाला दवाखान्यात न्यावयाचे तर खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावे लागते. खारट वाऱ्याने सळया गंजल्या आहेत, सज्जाचे तुकडे खाली पडत आहेत, आणि डागडुजीचा खर्च निवृत्तिवेतनाच्या आवाक्याबाहेर गेला आहे. अशा माणसाला, 'तुमचे घर सुंदर आहे, ते तसेच राहू द्या,' असे सांगणे म्हणजे आपल्या हळवेपणाची किंमत त्याच्याकडून वसूल करणे होय. शिवाय असे सांगणारांपैकी कित्येक जण स्वतः नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून बोलत असतात!

पण घर पाडण्याचा हक्क मान्य केला म्हणून त्याची स्मृतीही पुसलीच पाहिजे असे नाही. बंगल्यांची पहिली पिढी गेली तेव्हा हे भान आपल्याला नव्हते. पु. ल. देशपांडे यांचे बालपण व शालेय शिक्षण येथे झाले, आणि त्यांच्या लेखणीमुळे पार्ल्याचा स्वभाव साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला, हे आपले भाग्य. परंतु साहित्यिक स्वभाव टिपतो. जिन्याची रुंदी, विहिरीची जागा, माजघरात उजेड कोठून येई, हे टिपण्याचे काम त्याचे नव्हे. ते काम आराखड्याचे आणि छायाचित्राचे आहे.

आणि गंमत अशी की हे काम आजही होतच असते. पुनर्विकासाच्या प्रस्तावापूर्वी इमारतीची संरचनात्मक तपासणी होते. तिच्या अहवालात बांधकामाचे वर्ष, पद्धत आणि साहित्य नमूद असते. प्रत्येक सभासदाला नव्या इमारतीत किती जागा मिळणार हे त्याच्या आजच्या चटईक्षेत्रावर ठरते, म्हणून वास्तुविशारद प्रत्येक खोली फूट-इंचांत मोजतो. तेथे इंचभर चूकही सभासद खपवून घेत नाहीत; इतकी काटेकोर मोजणी एखाद्या प्राचीन मंदिराचीही क्वचितच झाली असेल. झाडे तोडावयाची तर परवानगीसाठी त्यांची जातवार यादी करावी लागते. म्हणजे वास्तूचे आयुष्य, तिचा नकाशा आणि तिचे अंगण या तिन्हींची कागदोपत्री नोंद तयार असते. पण काम संपले की हे कागद फायलींत जातात, आणि फायली कालांतराने रद्दीत.

संस्थांच्या दप्तरांचे तर विचारूच नका. पन्नास-साठ वर्षांच्या इतिवृत्तांच्या वह्यांत पाणी किती वाजता येई, गच्चीवर पापड वाळत घालावेत की नाही यावर कोणत्या सभेत रात्री अकरापर्यंत वाद झाला, रंगकामाला किती रुपये लागले, पहिला दूरचित्रवाणी संच आला तेव्हा ॲन्टेना कोठे लावावा, असा सारा मजकूर असतो. मराठी मध्यमवर्गाने एकत्र राहण्याची कला कशी आत्मसात केली याचे हे अस्सल साधन. घर रिकामे करण्याच्या घाईत सर्वांत आधी त्याचीच विल्हेवाट लागते. आम्ही पूर्वी शिक्षक होतो. मुलांना गावाचा इतिहास लिहून आणा म्हटले की ती थेट शिवकालात शिरत. आपल्या आजोबांनी कर्ज काढून घेतलेल्या दोन खोल्या हाही इतिहासच, हे पटविताना आम्हांला सर्वाधिक श्रम पडत.

आमची सूचना मर्यादित आहे. महानगरपालिकेने पाडकामास परवानगी देताना एकच अट घालावी: वर सांगितलेल्या तिन्ही कागदांची एकेक प्रत आणि इमारतीची आतून-बाहेरून काढलेली छायाचित्रे स्थानिक ग्रंथालयात जमा झाल्याची पावती जोडावी. सभासदांची नावे व व्यवहाराचे आकडे वगळावेत. त्यांत जगाला रस असण्याचे कारण नाही. याने कोणाचे बांधकाम एका दिवसाने लांबत नाही, की विकासकावर मोजण्याजोगा बोजा पडत नाही. जमा झालेले कागद लावून ठेवण्याचे काम पार्ल्यातील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आनंदाने करतील.

परंतु महानगरपालिका नियम करील तेव्हा करील. २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते, आणि त्यामुळे हे निर्णय आता पूर्वीपेक्षा लवकर होत आहेत. ज्या संस्थांच्या विशेष सर्वसाधारण सभा येत्या महिन्यांत भरावयाच्या आहेत, त्यांच्या चिटणीसांनी भाडे, कॉर्पस आणि वाहनतळ या विषयांच्या खाली विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घालावा: 'संस्थेचे जुने दप्तर व आराखडे ग्रंथालयास देणे.' या ठरावाला हरकत घेणारा सभासद सापडणे कठीण. सूचक आणि अनुमोदक मात्र आजच शोधून ठेवावेत.