गाजर गवताचे विष मोजणार कोण?



जिल्ह्याच्या बैठकीत हल्ली एक विषय हटकून निघतो. कोणी सांगतो, बांधावरचे गाजर गवत वावरात शिरले आणि हरभरा उगवलाच नाही. कोणी सांगतो, गवताने भरलेल्या पडीक रानातले पाणी विहिरीत उतरले आणि म्हशीने त्या पाण्याला तोंड लावले नाही. 'जमीन विषारी झाली' हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडी बसले आहे की ते खरे की खोटे हे विचारायचेच राहून गेले.

आधी पक्के ठाऊक आहे ते सांगतो. गाजर गवत म्हणा, काँग्रेस गवत म्हणा, नाहीतर चटकचांदणी. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आले असे आपण सगळेच म्हणतो. त्या गव्हाने शेतकऱ्यावर केलेले बाकीचे उपकार मोठे आहेत, पण तो विषय आज नको. या झाडाच्या पानांवर आणि देठांवर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचे विष असते. पाऊस पडला की ते धुऊन खाली येते, पाने गळून कुजली की मातीत मिसळते. खुरपायला बसलेल्या बाईच्या हातावर, मानेवर पुरळ उठते ते याच विषाने. पुण्याच्या डॉ. लोणकरांनी असे रोगी पाहून १९७४ सालीच त्याबद्दल लिहिले होते. चाऱ्यातून हे गवत जास्त प्रमाणात पोटात गेले तर गाई-म्हशी मरतात, हेही प्रयोगांत दिसून आले आहे.

म्हणजे विष आहे, यात वाद नाही. पण किलोभर मातीत ते किती? लिटरभर पाण्यात किती? आणि किती दिवस टिकते? हातावरच्या पुरळावरून याचे उत्तर मिळत नाही.

मातीपुरते थोडे उत्तर मिळालेले आहे. जर्मनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी मातीत पार्थेनिन मिसळून ते कसे कमी होत जाते हे मोजले आणि २००९ साली छापले. साध्या मातीत ते दोन-चार दिवसांत निम्म्यावर आले. जंतू मारून टाकलेल्या मातीत मात्र कितीतरी जास्त टिकले. याचा अर्थ, जिवंत जमिनीतले जिवाणूच हे विष खाऊन टाकतात. तेव्हा 'जमीन कायमची नासली' हे बहुधा खरे नाही. आपल्यातल्या काहींना हे ऐकायला आवडणार नाही. हरभरा न उगवण्याचे खापर गवतावर फोडणे सोपे असते. ओल कमी पडली होती, जमीन चोपण झाली होती, हे कबूल करणे जड जाते. पण याची दुसरी बाजूही आहे. गवत उभे आहे तोवर प्रत्येक पावसाबरोबर नवे विष खाली येत राहणार. शिवाय ते मोजमाप प्रयोगशाळेतल्या मातीचे. आपल्या भेगाळलेल्या काळ्या रानात मे महिन्यात जिवाणू किती जागे असतात?

पाण्याची गोष्ट याहून अवघड आहे, आणि तिच्यासाठी जरा लांब जावे लागेल. युरोपात डोंगरउतारावर ब्रॅकन नावाचे नेचे माजते. ते खाऊन गाईंना रक्ताची लघवी होते, मूत्राशयात गाठी होतात. आपल्या हिमालयातल्या गाईंनाही हा रोग होतो आणि तिथेही नेच्यांवरच बोट ठेवले जाते. या नेच्यातले कर्करोग करणारे विष, टाक्विलोसाइड, १९८३ साली ओळखले गेले. पुढे ते डेन्मार्क-आयर्लंडच्या शास्त्रज्ञांना पाण्यातही सापडले, आधी ओढ्यांत आणि मग उथळ विहिरींत. २०१७ पासून तर युरोपीय संघाने वनस्पतींची विषे पिण्याच्या पाण्यात कशी आणि किती उतरतात हे मोजण्यासाठी वेगळा पैसा दिला.

त्यांच्या अनुभवातून दोन गोष्टी आपण घ्याव्यात. हे विष पाण्यात रोज सारखे नसते. पाऊस कोसळला की लोंढ्याबरोबर येते आणि ओसरते. उन्हाळ्यात एकदा बाटली भरून 'काही नाही' असा दाखला घेणे म्हणजे चोर निघून गेल्यावर पहारा बसवणे. दुसरी गोष्ट, टाक्विलोसाइड बाटलीतच विरून जाते. म्हणून नमुना घेतल्याबरोबर त्यात ते टिकवणारे रसायन घालतात आणि तो बर्फात ठेवतात. पार्थेनिनच्या बाबतीतही हीच काळजी घेतलेली बरी. बाटली दोन दिवस एस.टी.च्या टपावर उन्हात तापली आणि अहवालात शून्य आले, तर त्या शून्यावर विश्वास कोणी ठेवायचा?

यंत्र नाही, असे कोणी सांगू नये. २०१० साली युरोपने आपली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून अडवली आणि बागाईतदार कर्जात बुडाला. त्या बाजारासाठी किलोत मिलिग्रॅमचा शंभरावा भाग मोजणारी यंत्रे या देशात आली. निर्यातीच्या द्राक्षांची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीलाच आहे. त्या जातीच्या यंत्राला पार्थेनिन मोजणे अवघड नाही. फक्त शुद्ध पार्थेनिनचा नमुना शेजारी ठेवावा लागतो, कारण काय शोधायचे ते यंत्राला आधी दाखवावे लागते. म्हणजे गोऱ्या गिऱ्हाइकाच्या ताटातले विष मोजता येते. पिकवणाऱ्याच्या विहिरीतले मोजा असे कोणी सांगितलेले नाही, म्हणून मोजले जात नाही.

सांगणार तरी कोण? पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ साली सुधारले. त्यात कीटकनाशकांची यादी आहे, शिसे आहे, आर्सेनिक आहे. झाडापाल्यातून उतरणारे एकही विष नाही. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका आली. तिच्यावर बारा रकाने: नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, सामू वगैरे. विषाचा रकाना नाही. 'नैसर्गिक' म्हटले की ते निरुपद्रवी, अशी शहरातल्या शहाण्यांची समजूत आहे. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्याने किराळ लागून बैल गमावलेल्या माणसाला ती कोणी सांगायला जाऊ नये.

सरकारकडे जाण्याआधी आपण स्वतः एक काम करू. तीन डबे घ्या. एकात गाजर गवताखालची माती भरा, दुसऱ्यात त्याच वावरातली स्वच्छ जागेची. तिसऱ्यात पुन्हा गवताखालची माती, पण ती पंधरा दिवस ओली करून ठेवलेली. तिन्हींत एकाच दिवशी वीस-वीस दाणे मोहरी पेरा, सारखे पाणी द्या, आठवड्याने मोड मोजा. दुसऱ्यात उगवण चांगली, पहिल्यात कमी आणि तिसऱ्यात सुधारलेली दिसली, तर विरणाऱ्या विषाचा संशय घ्यायला जागा आहे. पहिल्यात आणि तिसऱ्यात सारखीच कमी असेल तर दोष बहुधा खारटपणाचा किंवा जमिनीच्या दुसऱ्या कशाचा. यात विष किती ते कळणार नाही. कोणाच्या रानातला नमुना यंत्रापर्यंत न्यायचा, ते मात्र कळेल.

मागणीही नेमकी हवी. पहिल्या मोठ्या पावसानंतर चोवीस तासांच्या आत, गवताच्या पट्ट्याखालच्या विहिरींचे नमुने कृषी विद्यापीठाने स्वतः येऊन घ्यावेत, बर्फात न्यावेत आणि आकडे गावात लावावेत. तुलनेसाठी गवत नसलेल्या रानाची एक विहीरही घ्यावी.

पुढच्या बैठकीला येताना डब्यांचे आकडे लिहून आणा. माती कुठली, दाणे किती टाकले, मोड किती आले. ठरावाचा मसुदा त्या कागदांवरून लिहायचा आहे.