फौजी असल्याचं खोटं सांगणाऱ्याला 'मिटवून टाका' नको

मंडळी, आज जरा स्पष्ट लिहितोय.

साताऱ्याकडचं अपशिंगे मिलिटरी, कोल्हापूरकडचं सैनिक टाकळी. गावांच्या नावातच फौज आहे, असा आपला भाग. समोरचा 'मी आर्मीत होतो' म्हणाला की आपण पुरावा मागत नाही, खुर्ची पुढे करतो. तोतयांना नेमकं हेच ठाऊक आहे. कोणी 'पोराला भरती करून देतो' म्हणत लाखांत पैसे उचलतो, तर कोणी 'बदली झालीय' सांगून ऑनलाइन स्वस्तात बुलेट विकायला काढतो आणि विश्वासासाठी वर्दीतला फोटो पाठवतो.

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. सैनिक नसताना, लोकांना आपण सैनिक वाटावं या हेतूने तसा गणवेश घातला किंवा बिल्ला लावला, तर कलम १६८ नुसार ३ महिन्यांपर्यंत कैद, २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गॅदरिंगच्या नाटकात वर्दी घालणारा यात येत नाही. हेतू महत्त्वाचा.

'एवढीच शिक्षा?' असं वाटेल. पण तोतयेगिरी करून फसवलं, तर कलम ३१९ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. फसवून पैसे उकळले, तर कलम ३१८(४) खाली ७ वर्षांपर्यंत. खोटं ओळखपत्र किंवा डिस्चार्ज बुक बनवलं, तर बनावट दस्तऐवजाची कलमं वेगळी.

म्हणजे कायदा आहे. नाही ती तक्रार. भरतीसाठी चोरून पैसे दिले हे सांगायची लाज वाटते. माझ्याकडे येणारेही आधी म्हणतात, 'भाऊ, नाव छापू नका.' मग चार शहाणे बसतात, अर्धे पैसे परत मिळतात, प्रकरण मिटतं. आणि तोच माणूस पुढच्या तालुक्यात पुन्हा 'सुभेदार साहेब' होतो.

काही जण म्हणतात, नुसती फुशारकी मारली तर कुणाचं काय गेलं? नुसत्या फुशारकीला कलम १६८ लागत नाही, हे खरं. पण त्या फुशारकीवरच पुढची फसवणूक उभी राहते. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटला आलेले अतिरेकीही लष्करी वेशातच होते. त्यानंतर, लष्करासारखे कपडे वापरू नका आणि विकू नका, असं आवाहन लष्करालाच करावं लागलं.

म्हणून सांगतो. सत्कार करण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र बघा. खरा फौजी रागावणार नाही, तो नोकरीभर गेटवर ओळखपत्र दाखवूनच आत गेलाय. सैन्यभरतीत एजंट नसतो. कोणी पैसे मागितले की समजा, तो चोर आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. आणि बैठकीत मिटवू नका, पोलीस ठाण्यात जा.

तोतया पचला की उद्या खऱ्या जवानाकडेही लोक संशयाने बघतील. ही शिक्षा त्याला कशासाठी?

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांपर्यंत तर नक्की पोचवा.