तपासणी कोणाची, कोणासाठी?

ऑक्टोबर २०११ मध्ये, ३ ते ५ या तीन दिवसांत, महाराष्ट्रातील शाळांची राज्यव्यापी पटपडताळणी झाली. एकाच मुलाला दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मोजलेल्या मुलांच्या बोटांना शाई लावण्याची पाळी शासनावर आली. मतदान केंद्रावरील लबाडी रोखण्यासाठी काढलेली युक्ती सहा-सात वर्षांच्या मुलांवर वापरावी लागली, यातच शिक्षणखात्याच्या आजाराचे निदान झाले होते. त्याआधी नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांनी केलेल्या पडताळणीत जे उघडकीस आले, त्यातूनच ही मोहीम निघाली. पटावरील लाखो मुले वर्गात आढळली नाहीत. निम्म्याहून अधिक मुले गैरहजर असलेल्या शाळांची संख्याच १,४०४ भरली. पुढे कारवाईचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला.

पटावरचे खोटे नाव हा केवळ कारकुनी दोष नव्हे. पटसंख्येवर संचमान्यता ठरते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदे, पदांवर वेतन अनुदान. पोषण आहाराचा तांदूळ आणि मोफत पुस्तके हीदेखील त्याच आकड्यावर उतरतात. खोट्या नावांतून पद निर्माण होते, आणि त्या पदाला बाजारात भाव असतो, हे खाजगी अनुदानित संस्थांच्या चालकांना कोणी शिकवावे लागत नाही. यांतील कितीतरी चालक सत्तेच्या राजकारणातले मातब्बर आहेत. परंतु संस्थाचालक एकटा हे करू शकत नाही. मुख्याध्यापकाच्या सहीवर केंद्रप्रमुखाची सही, तिच्यावर विस्तार अधिकाऱ्याची, पुढे गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी अशी ही उतरंड आहे. तपासणीची वाण कधीच नव्हती. वरच्याने खालच्याचा कागद पाहिला. वर्गात डोकावून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात हेच दुखणे मांडले होते. उपनिरीक्षकाने वर्षातून एकदा शाळेला भेट देण्याने काही साधत नाही, किमान तिमाही तपासणी हवी, आणि आगाऊ सूचना न देताही शाळांना भेटी द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हा त्यांचा मूळ आक्षेप. तपासणीचा प्रश्न त्यांनी या आक्षेपाशी जोडून पाहिला, हे विसरता कामा नये. ज्याच्या पैशावर शाळा चालते त्याच्या मुलाला त्यातून काय मिळते, हे पाहणे म्हणजे तपासणी.

खात्याने स्वतःची तपासणी स्वतः केली की काय होते, याचे पुरावे अलीकडचे आहेत. शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार २०२१ मध्ये पुणे पोलिसांच्या हाती लागला तो अन्य भरती परीक्षांच्या पेपरफुटीचा तपास करताना. राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. नागपूर विभागात २०२५ मध्ये बनावट शालार्थ ओळखक्रमांकांच्या आधारे शिक्षकांच्या नावे वेतन काढल्याचे प्रकरण गाजले. तेथेही उपसंचालक दर्जाचा अधिकारी अटकेत गेला. व्यक्तींचा दोष न्यायालये ठरवतील. ज्या पायरीवर पहारा बसवला होता ती पायरीच संशयाखाली आली, एवढे तरी निर्विवाद आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांची कथा वेगळी नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा लोकशाही विकेंद्रीकरणाचा मोठा गाजावाजा झाला. स्थानिक निधी लेखापरीक्षा आहे, विधिमंडळाची पंचायती राज समिती आहे. १९७१ च्या कायद्याने लोकायुक्त आले, पण त्या कायद्याने त्यांच्या हाती शिफारशीपलीकडे फारसे काही दिले नाही. लेखाआक्षेपांचे अनुपालन सादर होईपर्यंत संबंधित अधिकारी सेवानिवृत्त झालेला असतो. ग्रामपंचायतीचे हिशेब आणि लेखापरीक्षेचे शेरे ग्रामसभेपुढे ठेवावेत असे कायदा सांगतो. किती गावांत ते मोठ्याने वाचले जातात? त्यातच मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची आणि बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासकांचे राज्य सुरू झाले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर निवडणुकांचे गाडे हलले. निवडून आलेले सदस्य सारेच धुतल्या तांदळासारखे असतात असे नाही, ठेकेदारीत त्यांचेही हात असतात. तरीही शिक्षण समितीत एखादा विरोधी सदस्य उठून प्रश्न विचारू शकतो. प्रशासकाला प्रश्न विचारायला सभागृहच उरले नव्हते.

येथे पुरोगामी चळवळीतील एक अवघड मौनही बोलून दाखवले पाहिजे. सार्वजनिक शाळेतील गैरकारभार चव्हाट्यावर आणला तर खाजगीकरणवाद्यांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती अनेक कार्यकर्त्यांना गप्प बसवते. शिक्षक संघटनांशी जुने स्नेहसंबंध असतात, तेही आड येतात. भीती निराधार नाही. २०१७ मध्ये कमी पटाचे कारण पुढे करून तेराशेहून अधिक शाळा बंद करून अन्यत्र विलीन करण्याचा घाट राज्य सरकारने घातला होता. शिक्षकांवर जनगणना, निवडणुका आणि माहितीच्या तक्त्यांचे ओझे लादले जाते, हेही खरे. परंतु झाकलेला गैरकारभार शाळा वाचवत नाही. शेतमजुराचे पोर चौथीत जाऊनही वाचू शकत नसेल तर त्याचा बाप कर्ज काढून इंग्रजी फलकाच्या शाळेकडे वळतो, आणि पट आणखी घसरतो. चळवळीच्या मौनाची किंमत तो बाप मोजतो.

शिवाय वरून येणारी तपासणी, कितीही प्रामाणिक असली, तरी आंधळी असते. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल आणि केवळ नोंदवहीत जन्मलेले मूल, दोघेही तिच्या तक्त्यात ‘गैरहजर’च ठरतात. पहिल्याला साखर शाळा हवी, वसतिगृह हवे. दुसऱ्याच्या नावावर पैसा खाणाऱ्याला खटला हवा. हा भेद गावालाच ठाऊक असतो. म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांसाठी सांगितलेल्या शाळा व्यवस्थापन समितीचे मोल मोठे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, तिने शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवावी, असा कायदा आहे. कित्येक ठिकाणी तिची नावे मुख्याध्यापकच भरतो आणि ठरावावरील सह्या शिपायाकरवी घरोघर फिरून आणल्या जातात.

पक्षाच्या तालुका शाखांनी मोर्चाची तारीख ठरवण्याआधी या समित्यांकडे वळावे. वर्गात बसलेली मुले पटाशी ताडून पाहण्यास, तांदळाचे पोते साठा नोंदवहीशी जुळवण्यास, लेखापरीक्षेच्या शेऱ्यांची प्रत २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागून ग्रामसभेत वाचण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. अडचण दुसरीच आहे. सभा दुपारी अकराला भरते, आणि ज्या आईचे मूल त्या शाळेत आहे ती त्या वेळी रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात असते. सभा तिच्या सवडीने, संध्याकाळी घ्यावी, हा ठराव पहिल्याच बैठकीत मांडावा लागेल.