ठासणीची बंदूक आणि आचारसंहिता
मालवण-कुडाळच्या बागायतदाराची ठासणीची बंदूक म्हणजे शौक नव्हे. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची, केप बसवायची. एक बार निघाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पीकसंरक्षणासाठी तिचा वेगळा उल्लेख आहे. तरी निवडणूक लागली की तिच्यावर पोलीस ठाण्यात जमा होण्याची पाळी येते. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, इथलं मतदान ७ मेला झालं. म्हणजे नेमका काजू-आंब्याचा हंगाम, आणि बागेत माकडांचे कळप! कोणाचं शस्त्र जमा करायचं, हे जिल्ह्याच्या छाननी समितीने एकेक परवाना तपासून ठरवायचं असतं. समितीने ते खरोखर तपासावं आणि गुन्ह्याची नोंद नसलेल्या शेतकऱ्याची बंदूक हंगामात त्याच्याकडेच राहू द्यावी.