प्रेमासाठी मरावे का लागले?

'ब्लॅक मिरर' मालिकेतील 'सॅन जुनिपेरो' (२०१६) या भागावरून प्रेक्षकांचे दोन तट पडले. यॉर्की आणि केली या दोघी मेल्यावर संगणकातल्या गावात कायमच्या तरुण होऊन एकत्र राहतात. काहींना हा सुखान्त वाटला. काही म्हणाले, त्या खऱ्या नाहीतच, नुसत्या नकला. शेवटी दिसतात ती फक्त यंत्रे.

दोन्ही बाजू मेल्यानंतरचे बोलतात. खरा प्रश्न जिवंतपणीचा आहे. एकविसाव्या वर्षी यॉर्कीने आपल्याला मुली आवडतात हे आई-वडिलांना सांगितले. त्यांनी तिला नाकारले. ती गाडी घेऊन निघाली, अपघात झाला आणि जन्मभर खाटेला खिळली. तिला प्रेम मिळाले ते थेट सर्व्हरवर! समाज जिथल्या तिथे राहिला.

'इथे सोसा, वर सुख मिळेल' हे आपल्या आजा-पणज्यांनीही ऐकले आहे. बाबासाहेबांनी आत्मा नाकारला, बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान नाकारले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' सांगतो की धम्माचे काम जगाची पुनर्रचना करणे आहे. १९३६ साली त्यांनी जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला, तोही जिवंत माणसांसाठीच.

मित्रांनो, हा भाग पाहून रडू आले तर जरूर रडा. पण उद्या आपल्याच वस्तीतली एखादी यॉर्की घरात खरे बोलली, तर आपण तिच्या बाजूने उभे राहणार की नाही? उत्तर इथेच द्यायचे आहे.

जय भीम!