घर फिरतं तेव्हा

'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात' ही म्हण मी तीस वर्षं वर्गात शिकवली. अर्थ अर्थातच लाक्षणिक... दिवस फिरले की आपली म्हणवणारी माणसंही पाठ फिरवतात. पण अमेरिकेत लेकीकडे जायला लागल्यापासून मला या म्हणीचा शब्दशः अर्थही कळला आहे. तिथे खरोखरच फिरणारी घरं असतात, आणि ती फिरली की वासेच काय, स्क्रू, नळ, कपाटांच्या कड्या असं सगळंच सैल होतं!

या घरांना तिथे आरव्ही किंवा मोटरहोम म्हणतात. लेक-जावयांकडे 'क्लास सी' प्रकारचं, म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बिछाना असं, जुनं मोटरहोम आहे. त्यातून मी आतापर्यंत पाच मोठे प्रवास केले. मुक्कामाच्या कॅम्पग्राउंडवर भेटणारी बरीचशी मंडळी माझ्याच वयाची. कुणी पंधरा तर कुणी पंचवीस वर्षं असं घर चालवणारी. संध्याकाळी खुर्च्या टाकून ही मंडळी गप्पा मारतात त्या नातवंडांच्या कमी, आणि टायर, टाक्या, बॅटऱ्यांच्या जास्त. मी आपली ऐकत बसते, विचारत बसते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. काही नातेवाईकांना ते रुचणार नाही, तरी लिहिते. ज्या घरातली व्यवस्था एकाच माणसाला कळते, ते घर निम्मं बिघडलेलंच असतं, मग ते कितीही चकचकीत असो.

आधी देखभालीचं बोलू. जुनी मंडळी म्हणतात, मोटरहोम रस्त्यावर आलं की त्याच्यासाठी तो रोजचा भूकंपच. त्यामुळे पहिली नजर छपरावर. छपराला झरोके, एसी, अँटेना अशी बरीच भोकं असतात आणि प्रत्येकाच्या कडेला सीलंट भरलेलं असतं. त्याला बारीकशी चीर गेली तरी पाणी आत शिरतं आणि भिंतीतलं लाकूड गुपचूप कुजत राहतं. डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी शिडी लावून सगळे सांधे बघायचे. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, त्यातलाच प्रकार.

दुसरी नजर टायरवर. आपण टायरची नक्षी किती झिजली ते बघतो. मोटरहोम वर्षातले कित्येक महिने उभंच असतं, त्यामुळे नक्षी नवी कोरी आणि रबर मात्र उन्हाने म्हातारं, असं होतं. टायरवर 'डॉट' या अक्षरांपुढे जो क्रमांक असतो त्याचे शेवटचे चार आकडे वाचायचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. अनुभवी लोक सहा-सात वर्षांनी टायर बदलतात, नक्षी कितीही छान दिसो. हवा भरायची ती वजनानुसार, म्हणून भरल्या घरासकट वजनकाट्यावर जाऊन यायचं. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की तिचंच वजन दीडशे किलो होतं!

टाक्या तीन. एक स्वच्छ पाण्याची, एक आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची आणि एक संडासाची. त्या शेवटच्या दोन रिकाम्या करायच्या तर आधी संडासाची, मग आंघोळीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. मुक्कामात संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा राहिला तर पाणी वाहून जातं आणि उरलेलं तिथेच डोंगरासारखं साचतं. (मंडळी, जेवताना वाचत असाल तर माफ करा!)

गॅसचं तर आपल्या बायकांना चांगलंच कळेल. तिथला प्रोपेन आपल्या सिलिंडरमधल्या गॅससारखाच हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून गळती ओळखणारं यंत्र खाली, पावलांपाशी बसवलेलं असतं. त्या यंत्रालाही मुदत असते. ती संपली की दिवा लागत असला तरी यंत्र बदलायचं.

प्रवासाचा त्यांचा एक नियम मला फार आवडतो. 'तीन-तीन-तीन'. दिवसात तीनशे मैलांपेक्षा जास्त जायचं नाही, दुपारी तीनपर्यंत मुक्कामाला पोचायचं, आणि एका ठिकाणी तीन रात्री राहायचं. उजेडात पोचलं की जागा नीट बघून गाडी लावता येते, काही बिघडलं असेल तर दिसतं. आणखी एक, गाडीची उंची आणि लांबी कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवायची. पूल खरोखरच ठेंगणे असतात. माँटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधे जो प्रसिद्ध घाटरस्ता आहे, 'गोइंग टू द सन रोड', त्याच्या डोंगरातल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. उतारावर ब्रेक दाबून धरायचा नाही, खालच्या गियरमधे उतरायचं. खंडाळ्याच्या घाटातलं शहाणपण तिथेही तेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघण्याआधीची यादी. विजेची वायर काढली का, पाण्याची नळी काढली का, पायरी आत घेतली का, छपराचे झरोके बंद का... एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने त्या त्या वस्तूला हात लावून 'हो' म्हणायचं. वीस वर्षं मोटरहोम चालवणारेही यादी वाचतात. मला यात नवल वाटलं नाही. वर्गातली पन्नास मुलं तोंडओळखीची असली तरी आम्ही रोज हजेरी घेतच होतो की.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. युटामधल्या एका मुक्कामात आमच्या शेजारी सत्तरीचं एक जोडपं होतं. त्यांचं मोटरहोम बससारखं मोठं. रात्री त्या गृहस्थांच्या छातीत दुखायला लागलं आणि अँब्युलन्स त्यांना चाळीस मैलांवरच्या गावी घेऊन गेली. सकाळी त्यांची बायको किल्ल्या हातात धरून दारात उभी. बाहेर सरकवलेली खोली आत कशी घ्यायची, जॅक कसे उचलायचे, तिला काहीच ठाऊक नव्हतं. गाडी तर तिने एकदाही चालवली नव्हती. कॅम्पग्राउंडवरची मंडळी धावून आली, एकाने ते घर गावापर्यंत चालवत नेलं. गृहस्थ वाचले. पण त्या माउलीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नवऱ्याची काळजी होतीच, त्यावर स्वतःच्याच घरात परकं झाल्याची लाज.

जावई म्हणतात, आता फोनवर सगळं कळतं, मदतीला गाडी बोलावता येते. खरं आहे. पण त्या दऱ्यांमधे फोनला रेंज नसते, आणि मदत येईपर्यंतचा वेळ आपलाच असतो. दुसरा युक्तिवाद असा, की कामं वाटून घेतली तर बिघडलं कुठे? काहीच नाही. कामं जरूर वाटून घ्या, पण माहिती दोघांकडे पूर्ण हवी. त्या प्रवासानंतर मी हट्टच धरला. एका रविवारी रिकाम्या पार्किंगमधे लेकीने मोटरहोम वळवायला, मागे घ्यायला शिकून घेतलं. पुढच्या सहलीत तिने टाक्या रिकाम्या केल्या आणि जावयांनी पोहे केले. पोहे जरा गिचका झाले, पण टाक्या स्वच्छ झाल्या! यादी वाचायचं काम माझ्याकडे आहे.

याला आणखी एक बाजू आहे, ती आम्हा म्हाताऱ्यांची. नजर मंदावली, हात कापायला लागले तरी काही पुरुष स्टिअरिंग सोडत नाहीत. बायकोला दिसत असतं, पण ती गप्प बसते, कारण तिला चालवता येत नाही. याने थांबायचं म्हणजे दोघांनीच थांबायचं. दोघांना येत असेल तर 'आता तू चालव' हे सहज म्हणता येतं. आणि दोघांनाही जमेनासं झालं तर? एस्केपीज नावाचा मोटरहोमवाल्यांचा क्लब १९७८ पासून आहे. त्यांनी टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनला एक केंद्र उभं केलं. वयामुळे प्रवास थांबलेल्यांनी आपल्याच फिरत्या घरात राहायचं आणि जेवणाखाण्याची, शुश्रूषेची मदत मिळवायची, अशी त्यामागची कल्पना. थांबण्याचाही विचार आधीच करणारी ही माणसं मला शहाणी वाटतात.

आमचे हे २०१६ साली गेले. दर दिवाळीआधी एक दिवस बसून ते मला सगळी कागदपत्रं, विम्याच्या तारखा, बँकेची खाती दाखवत असत, आणि मीही त्यांच्याकडून महिन्यातून एकदा पूर्ण स्वयंपाक करून घेत असे. ते गेल्यावर दुःख होतंच, पण त्या दिवसांत मला साध्या सहीसाठीही कुणाला विचारावं लागलं नाही. तो दिवाळीचा दिवस म्हणजे त्यांनी मागे ठेवलेली मोठीच ठेव होती.

असो. तुमच्या घराला चाकं नसतील, पण गॅसचा रेग्युलेटर, पाण्याचा मुख्य कॉक, विजेची मेन आणि कागदपत्रांचं कपाट तर आहे ना? येत्या रविवारी दोघांनी एकमेकांची कामं करून बघा. आणि कोण कुठे अडलं ते मला नक्की कळवा.